कपाटावरचा सर्व्हर

मुंबईच्या उपनगरांत घरे लहान असतात. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली यांपैकी कोठेही जा, दोन खोल्यांच्या घरात नवी वस्तू आली की पहिला प्रश्न उभा राहतो, "ठेवायची कुठे?" तरीही अशाच घरांतून काही हौशी मंडळी एक जुना संगणक रात्रंदिवस चालू ठेवतात. कोणी तो कपाटावर ठेवतो, कोणी माळ्यावर, कोणी चपलांच्या मांडणीच्या वरच्या खणात. पडदा फुटलेला लॅपटॉप, बिस्किटांच्या डब्यात बसवलेली तळहाताएवढी संगणक-पाटी, सुतळीने बांधलेला पंखा, असा हा थाट असतो. दोन हौशी भेटले की आपापल्या मांडणीची छायाचित्रे मोठ्या अभिमानाने एकमेकांना दाखवतात. या मांडणीला ते 'घरचा सर्व्हर' म्हणतात.

सर्व्हर म्हणजे काय? तो घरात कशासाठी ठेवायचा? आणि तो ठेवला म्हणजे आपल्या वस्तू खरोखर सुरक्षित राहतात का? या लेखात आपण हे पाहू. त्यासाठी एका फाइलचा माग काढू.

आजोबांचा आवाज

अशी कल्पना करा, की तुमच्या आजोबांनी लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या आणि तुम्ही त्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या. मुद्रण ४० मिनिटांचे आहे. आता आजोबा नाहीत. त्यांचा आवाज उरला आहे तो या एका फाइलमध्ये, आणि ती फाइल आहे एका मोबाइलमध्ये. मोबाइल लोकलमध्ये हरवला किंवा पाण्यात पडला, तर काय होईल ते सांगायला नकोच.

ही फाइल केवढी असेल? ध्वनी साठवताना दर सेकंदाला १,२८,००० बिट वापरले असे धरू. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणजे दर सेकंदाला १६,००० बाइट. ४० मिनिटे म्हणजे २,४०० सेकंद. म्हणून फाइलचा आकार १६,००० × २,४०० = ३,८४,००,००० बाइट, म्हणजे सुमारे ३८ मेगाबाइट झाला. आजच्या हिशोबात ही फाइल अगदी लहान. पण तिची किंमत आकारावर ठरत नाही.

ही फाइल मोबाइलमधून काढून घरातल्या दुसऱ्या यंत्रात ठेवायची, आणि घरच्या कोणालाही ती केव्हाही ऐकता आली पाहिजे, एवढेच आपले काम. हे काम करणारे यंत्र म्हणजे सर्व्हर.

वाढपी आणि पंगत

लग्नाची पंगत आठवा. पानावर बसलेला माणूस "भात!" म्हणतो आणि वाढपी भात आणतो. वाढप्याने सतत तयार उभे राहायचे, मागणी आली की ती समजून घ्यायची आणि हवे ते पानात वाढायचे. सर्व्हरचे काम हेच. मागणी करणाऱ्या यंत्राला क्लायंट म्हणतात. तुमचा मोबाइल मागणी करतो, "आजोबांची फाइल दे", आणि सर्व्हर ती पाठवतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येईल. सर्व्हर ही यंत्राची वेगळी जात नव्हे. मागणी ऐकत बसणारा कार्यक्रम ज्या संगणकावर चालू असतो, तो संगणक सर्व्हर. म्हणून दहा वर्षांपूर्वीचा टाकाऊ लॅपटॉपही सर्व्हर होऊ शकतो. त्यावर लिनक्स ही मोफत मिळणारी कार्यप्रणाली बसवली की काम भागते.

मोठमोठ्या गोष्टींची सुरुवात अशाच जुगाडातून झाली आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये स्वित्झर्लंडमधील सर्न या संस्थेत जगातला पहिला वेब सर्व्हर चालवला, तो त्यांच्या टेबलावरच्या नेहमीच्या संगणकावर. हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नका, अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी त्यावर चिकटवलेली होती. आजही घरोघरी सर्व्हरच्या बटणापाशी अशी चिठ्ठी लावावी लागते. नाहीतर 'दिवा उगाच जळतोय' म्हणून कोणीतरी बटण बंद करतेच! १९९६ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या विद्यार्थ्यांनी ४ गिगाबाइटच्या १० तबकड्या एकत्र जोडल्या आणि त्यांची पेटी चक्क खेळण्यातल्या ठोकळ्यांची केली. या प्रयोगातूनच पुढे गूगल उभे राहिले. त्या पेटीची एकूण साठवण ४० गिगाबाइट होती. आज खिशातल्या मोबाइलमध्ये त्याहून अधिक मावते.

जुहू ते पवई

आपल्या उपनगरांनाही या बाबतीत इतिहास आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका संगणक केंद्रातून १९८५ मध्ये राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एन.सी.एस.टी., ही संस्था निघाली. तिचे ठिकाण जुहू. डॉ. श्रीनिवासन रमणी हे तिचे प्रमुख. १९८६ मध्ये अर्नेट हा शिक्षण आणि संशोधन संस्थांना जोडणारा प्रकल्प सुरू झाला. त्याच्या आरंभीच्या काळात जुहूचे हे केंद्र आणि पवईची आय.आय.टी. यांच्यातील संगणक साध्या दूरध्वनीच्या तारेवरून एकमेकांना पत्रे पाठवू लागले. भारतातील ई-मेलच्या पहिल्या वाटांपैकी ही एक.

त्या वेळी संगणक सतत जोडलेले नसत. एक संगणक ठरावीक वेळी दुसऱ्याला फोन लावी, साठलेली पत्रे देई, त्याची घेई आणि फोन ठेवून देई. पोस्टमनने पेटी उघडावी, तसे. भारताची ओळख सांगणाऱ्या 'डॉट इन' या नावांची नोंदवहीही सुरुवातीस याच संस्थेने सांभाळली. पुढे ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली, आणि नोंदवहीचे काम आता निक्सी ही संस्था पाहते.

सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून. त्या काळी सेकंदाला ९,६०० बिट हा वेग नेहमीचा होता. आपली फाइल त्या वेगाने पाठवायला किती वेळ लागला असता? फाइलमध्ये ३०,७२,००,००० बिट आहेत. त्यांना ९,६०० ने भागले की ३२,००० सेकंद येतात, म्हणजे जवळजवळ ९ तास! आज सेकंदाला २ कोटी बिट एवढ्या बेताच्या वेगानेही तीच फाइल सुमारे १५ सेकंदांत जाते. वेग २,००० पटींहून अधिक वाढला, म्हणूनच कपाटावरच्या सर्व्हरला अर्थ आला.

पत्ता सापडेना!

सर्व्हर चालू झाला. घरात बसून फाइल ऐकता येते. पण बोरिवलीच्या मामांना ती त्यांच्या घरून ऐकायची आहे. आता खरी अडचण सुरू होते.

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो. त्याला आय.पी. पत्ता म्हणतात. जुन्या पद्धतीत हा पत्ता ३२ बिटांचा असतो. म्हणून एकूण पत्ते २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ एवढेच. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या वर आहे आणि एकेका घरात चार-पाच यंत्रे. पत्ते पुरणार कसे?

यावरची युक्ती तुमच्या सोसायटीत रोज दिसते. बाहेरच्या जगाला सोसायटीचा एकच पत्ता ठाऊक असतो. आतल्या खोल्यांचे क्रमांक मात्र प्रत्येक सोसायटीत पुन्हा तेच असतात. खोली क्रमांक १२ मुलुंडमध्येही असते आणि अंधेरीतही. तसेच १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते 'घरगुती' म्हणून राखून ठेवले आहेत आणि ते लाखो घरांत एकाच वेळी वापरले जातात. राउटर हा फाटकावरचा रखवालदार. आतून कोणी मागणी पाठवली की तो वहीत नोंद करतो आणि उत्तर आले की वही पाहून ते योग्य खोलीत पोचवतो. या व्यवस्थेला नॅट म्हणतात.

पण बाहेरून अचानक कोणी आला आणि "आजोबांची फाइल द्या" म्हणाला, तर? वहीत नोंद नाही. रखवालदार त्याला परत पाठवतो. त्याला आधी सांगून ठेवावे लागते, की अमुक क्रमांकाच्या दारावर कोणी आले तर त्याला कपाटावरच्या यंत्राकडे पाठव. या दाराला पोर्ट म्हणतात.

अनेक ठिकाणी आणखी एक फाटक असते. नव्वदच्या दशकात उपनगरांत गच्चीवरून गच्चीवर तारा टाकून केबलवाल्यांनी घरोघरी दूरदर्शनच्या वाहिन्या पोचवल्या. त्याच जाळ्यांवरून पुढे अनेक घरांत इंटरनेट आले. सेवा देणाऱ्याजवळ पत्ते थोडे आणि ग्राहक पुष्कळ असतील, तर तो शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतो. सोसायटीचे फाटक तुमच्या ताब्यात, पण सगळ्या गल्लीचे फाटक त्याच्या ताब्यात! अशा वेळी तुमच्या राउटरला तुम्ही कितीही सूचना दिल्या तरी बाहेरचा माणूस आत पोचत नाही.

हे ओळखायचे कसे? राउटरच्या माहितीपानावर त्याचा बाहेरील पत्ता पाहा. मग 'माझा पत्ता काय?' हे सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरचा पत्ता पाहा. दोन्ही सारखे असतील तर फाटक एकच. राउटरचा पत्ता १० ने किंवा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर बाहेर दुसरे फाटक आहे हे नक्की.

यावर कायमचा उपाय म्हणजे १२८ बिटांचा नवा पत्ता, आय.पी. आवृत्ती ६. त्यात २ चा १२८ वा घात एवढे पत्ते आहेत, म्हणजे ३४ वर ३७ शून्ये! तेथे पत्त्यांची काटकसर करण्याचे कारणच उरत नाही.

दार उघडण्यापूर्वी

दार उघडले की मामाच येतील असे नाही. इंटरनेटवर अशी असंख्य यंत्रे आहेत, की जी रात्रंदिवस एकेक पत्ता आणि एकेक दार ठोठावत फिरतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या उपद्रवी कार्यक्रमाने घरगुती कॅमेरे आणि राउटर लाखोंनी ताब्यात घेतले. त्याची विद्या मोठी नव्हती. कारखान्यातून यंत्राबरोबर येणारे परवलीचे शब्द त्याच्याजवळ होते आणि लोकांनी ते बदललेले नव्हते, एवढेच.

म्हणून जाणते हौशी दार सरसकट उघडत नाहीत. ते व्ही.पी.एन. वापरतात. ही एक कुलूपबंद बोगद्यासारखी वाट असते. किल्ली ज्याच्या यंत्रात आहे तोच आत येतो. नवशिक्याने तर पहिले काही महिने सर्व्हर घरापुरताच ठेवावा. शिवाय घरून सर्व्हर चालवण्यास आपल्या सेवेच्या अटींत मनाई नाही ना, हेही वडीलधाऱ्यांना वाचायला सांगावे.

वीज, उष्णता आणि खर्च

सर्व्हर दिवसाचे २४ तास चालतो, म्हणून त्याच्या विजेचा हिशोब पंख्या-दिव्यांपेक्षा वेगळा पडतो. १ वॉटचे यंत्र वर्षभर चालले तर ८,७६० वॉट-तास, म्हणजे ८.७६ युनिट वीज लागते. आता जुन्या टेबली संगणकाला ६० वॉट, लॅपटॉपला १५ वॉट आणि तळहाताएवढ्या संगणक-पाटीला ४ वॉट लागतात असे धरू. वर्षाला अनुक्रमे सुमारे ५२६, १३१ आणि ३५ युनिट होतील. युनिटला ८ रुपये धरले तर खर्च अनुक्रमे सुमारे ४,२००, १,०५० आणि २८० रुपये. 'फुकट मिळालेला' मोठा संगणक किती महाग पडतो पाहा!

ही सारी वीज शेवटी उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. म्हणून सर्व्हर बंद कपाटात कोंडू नये. मुंबईची हवा दमट आणि खारट. तेव्हा धूळ वरचेवर पुसावी आणि यंत्र खिडकीच्या पावसाळी बाजूला ठेवू नये. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसली तर ते यंत्र वापरू नये. अशी बॅटरी पेट घेऊ शकते. विद्युत् पुरवठ्याची पेटी कधीही उघडू नये. वीज काढल्यावरही तिच्यातील संधारित्रांत भार राहतो आणि त्याचा जबर धक्का बसू शकतो.

लॅपटॉपची चांगली बॅटरी मात्र वरदान आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई आणि उपनगरांची वीज एकाएकी गेली आणि काही भागांत ती यायला कित्येक तास लागले. जुन्या बॅटरीत २० वॉट-तास ऊर्जा उरली असेल आणि यंत्र १५ वॉट घेत असेल, तर ते २० भागिले १५, म्हणजे १ तास २० मिनिटे तग धरील. दिवसभराला हे पुरत नाही. पण यंत्राला नीट आवरून बंद होण्यास पुष्कळ आहे. फाइल लिहिता लिहिता वीज गेली, तर अर्धवट लिहिलेली फाइल बिघडते. म्हणून आजच्या साठवण-पद्धती दुकानदाराच्या कच्च्या वहीप्रमाणे आधी 'काय करणार' याची नोंद करतात आणि मग काम करतात. वीज परत आल्यावर नोंद पाहून अर्धवट काम एकतर पुरे करतात किंवा रद्द करतात.

एक प्रत म्हणजे शून्य प्रत

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आजोबांची फाइल सर्व्हरवर गेली. मोबाइलमधली जागा रिकामी करायची म्हणून कोणी तेथील फाइल पुसली. पुन्हा प्रत एकच राहिली! फक्त ती खिशातून कपाटावर गेली. फिरत्या तबकडीचा संगणक असेल तर ती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. ७,२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. असे यंत्र केव्हातरी झिजणारच.

काही जण दोन तबकड्या आरशासारख्या जोडतात. एकीवर लिहिले ते त्याच क्षणी दुसरीवर उमटते. एक तबकडी बिघडली तर याचा उपयोग होतो. पण चुकून फाइल पुसली, तर आरशातलीही त्याच क्षणी पुसली जाते. आरसा म्हणजे दुसरी प्रत नव्हे.

येथे थोडे संभाव्यतेचे गणित करू. एक तबकडी वर्षभरात बिघडण्याची शक्यता २० त १ आहे असे समजू. दोन स्वतंत्र तबकड्या त्याच वर्षी बिघडण्याची शक्यता १/२० × १/२० = १/४०० एवढीच. पण या गणितातला 'स्वतंत्र' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. उपनगरांतील असंख्य तळमजल्यांत पाणी शिरले. एकाच खोलीत शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन तबकड्या अशा दिवशी स्वतंत्र राहत नाहीत. एकच पाणी दोघींना बुडवते. तेव्हा गुणाकार करता येत नाही आणि शक्यता १/४०० उरत नाही.

म्हणून जाणकार 'तीन-दोन-एक' हा नियम पाळतात. प्रती तीन असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि निदान एक प्रत घराबाहेर असावी. आपल्या उदाहरणात एक प्रत मोबाइलमध्ये, एक कपाटावरच्या सर्व्हरवर आणि एक बोरिवलीच्या मामांच्या घरी सुट्या तबकडीवर. मामा दर गणपतीला येतातच. तेव्हा तबकडी आणायची आणि नवे ते तिच्यावर उतरवून द्यायचे. ही व्यवस्था कोणालाही जमण्यासारखी आहे.

शाळेसाठी

घरचा सर्व्हर हा केवळ छंद नाही. किविक्स नावाचा एक मोफत कार्यक्रम विकिपीडियाची संपूर्ण प्रत एका फाइलमधून वाचून दाखवतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही त्यावर मिळतो. अशी फाइल लहान संगणक-पाटीवर ठेवून तिला एक राउटर जोडला, की वर्गातील मुलांना इंटरनेट नसतानाही मोबाइलवर ज्ञानकोश वाचता येतो. मोठ्या पावसात जोडणी तुटली तरी वर्गातला वाढपी जागेवरच असतो. शिक्षकांनी हा प्रयोग अवश्य करावा.

करून पाहा

१. घरातल्या एखाद्या चालू यंत्राच्या अडॅप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअर वाचा. त्यांचा गुणाकार म्हणजे जास्तीत जास्त वॉट. वर्षाची युनिटे काढा. प्रत्यक्ष खर्च यापेक्षा कमी का येईल?

२. राउटरचा पत्ता आणि बाहेरून दिसणारा पत्ता यांची तुलना करा. तुमच्या घराबाहेर फाटके किती आहेत?

३. जुन्या संगणकावर शिक्षकांच्या मदतीने पायथन भाषेबरोबर मिळणारा छोटा वेब सर्व्हर सुरू करा आणि त्यावरील एखादे पान घरच्या मोबाइलवर उघडा. प्रयोग संपल्यावर तो बंद करा.

४. सर्वांत महत्त्वाचा प्रयोग शेवटी. तुम्हाला जपून ठेवावीशी वाटणारी एक फाइल निवडा. तिची घराबाहेरची प्रत आणून दुसऱ्याच यंत्रावर उघडून पाहा. उघडली, आवाज आला, तरच ती प्रत आहे असे म्हणा. नुसती तबकडी कपाटात आहे म्हणून प्रत आहे असे समजू नका. हा प्रयोग दर सहा महिन्यांनी करा आणि तारीख तबकडीवरच लिहून ठेवा.